मोटर गेली!

"मोटर गेली."

मराठी भाषेत इतक्या थोड्या अक्षरांत इतका मोठा खर्च सांगणारं दुसरं वाक्य नसेल. "मुलगी पसंत आहे" हे वाक्य खर्चाच्या बाबतीत त्याच्या थोडंफार जवळ येतं, पण तिथे पुढे जेवणावळ तरी होते. मोटर गेली म्हटल्यावर कुणी लाडूही देत नाही.

आमच्या घरात आजवर पाण्याच्या पंपाची मोटर गेली, पंख्याची गेली, कपडे धुण्याच्या यंत्राची तर दोनदा गेली. प्रत्येक वेळी हे वाक्य उच्चारणारा इसम यंत्रापासून चार फूट लांब उभा होता. वैद्य झाला तरी तो नाडी बघतो, जीभ दाखवा म्हणतो. ज्योतिषी झाला तरी पत्रिका मागतो. पण यंत्राच्या बाबतीत आपण सगळेच अंतर्ज्ञानी. दारातून नजर टाकायची, एक सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "मोटर गेली."

या वाक्याविरुद्ध मी आज रीतसर फिर्याद करायला बसलो आहे. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे गेलेल्या मोटरींपैकी पुष्कळशा कुठेही गेलेल्या नसतात. त्या बिचाऱ्या जागच्या जागी फिरत असतात. गेलेली असते ती आपली वाकून बघायची सवय. पुरावा म्हणून माझ्याच घरची केस सादर करतो.

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल आपल्या समाजात एकमत आहे. त्याने सकाळी फिरायला जावं आणि उरलेल्या वेळात कुणाच्या मध्ये येऊ नये. मी फिरायला जाण्याऐवजी सुतारकाम काढलं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीला मी 'वर्कशॉप' म्हणतो. सौभाग्यवती 'ती अडगळ' म्हणते. चिरंजीव बंगळुरूला असतात, ते फोनवर 'बाबांचं ते' एवढंच म्हणतात. या खोलीत एक कटर मशीन आहे, पॉलिशपेपर लावून लाकूड घासायचं एक यंत्र आहे, आजोबांच्या वेळचा एक लाकडी रंधा आहे आणि गेल्या चार वर्षांत तयार झालेले पाच चौरंग आहेत. त्यांतले तीन चारही पायांवर उभे राहतात.

सुतारकामात सर्वांत खात्रीने तयार होणारा माल म्हणजे भुसा. चौरंग होईल न होईल, भुसा होतोच. तो माजघरात येता कामा नये, या एकाच अटीवर मला वर्कशॉपची परवानगी मिळाली होती. म्हणून मी एक व्हॅक्यूम क्लीनर घेतला. गालिच्यावरून फिरवतात तो नाजूक नव्हे. वर्कशॉपचा, पिंपाएवढ्या पोटाचा, ओलं-सुकं काहीही गिळणारा. त्याचा पाइप कटर मशीनच्या मागे जोडला की भुसा जमिनीवर पडायच्या आत पिंपात. पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला तर लग्नात भेटलेल्या विमा एजंटासारखा धरून ठेवायचा. सुटका म्हणून नाही.

आणि मग हळूहळू त्याची पकड सैल झाली. उसने पैसे नेलेला माणूस रस्त्यात भेटला की कसा हात मिळवतो? हात पुढे येतो, पण त्यात जीव नसतो. तसं होऊ लागलं. मशीनखाली भुशाचा ढीग साचू लागला. पायाला लागून तो पायपुसण्यापर्यंत आणि पायपुसण्यावरून माजघरापर्यंत पोचला.

जेवताना मी विषय काढला. म्हटलं, "हल्ली ओढ कमी झालीय."

सौभाग्यवतीने आमटी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "अडतीस वर्षं झाली," ती म्हणाली, "कमी व्हायचीच."

"अगं, मी व्हॅक्यूम क्लीनरबद्दल बोलतोय."

"मग मी तरी आणखी कशाबद्दल बोलतेय?"

पण आमटी त्या दिवशी जरा कमीच वाढली गेली.

आता सल्लागार मंडळींकडे वळू. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्या गच्चीतूनच निकाल दिला, "मोटर गेली असणार. मी आवाजावरून सांगतो." यंत्र त्या वेळी बंद होतं. चिरंजीवांनी फोनवर विचारलं, "बाबा, वॅट किती?"

"बाराशे."

"मग बरोबर आहे. हल्ली दोन हजार वॅटचे येतात. मी ऑर्डर करतो, उद्या दुपारी दारात."

आमच्या तरुणपणी गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची. आता विचार पुरा व्हायच्या आत वस्तू दारात येते. त्यामुळे विचार पुरा करायची सवयच मोडली. आणि या वॅटचं तरी काय घेऊन बसायचं? वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचा आकडा. ते काम किती करतं त्याचा नव्हे. पंगतीत बावीस जिलब्या खाणाऱ्या पाहुण्याने लग्नघरात सगळ्यांत जास्त काम केलं असं आपण समजतो का? युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरना सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटच्या आत आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटच्या आत राहायची सक्ती केली. तिकडची घरं त्यामुळे धुळीत गाडली गेल्याचं माझ्या तरी कानावर नाही. आपल्याकडे मात्र खोक्यावर आकडा जितका मोठा तितका बाप खूश.

शेवटी मी ते पिंप रिक्षात घालून सर्व्हिस सेंटरला नेलं. काउंटरवरच्या मुलाने यंत्राकडे न बघता पावतीची तारीख बघितली.

"वॉरंटी संपलीय काका."

"ते मला ठाऊक आहे. झालंय काय?"

"मोटर गेली."

"अरे, पण तू उघडून कुठे बघितलंस?"

"उघडून बघायचे सहाशे. मोटर साडेचार हजार. नवीन मशीन सहा हजारांत येतं. तुम्हीच ठरवा."

मला त्या मुलाचा राग आला नाही. मुलगा नम्र होता, त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. त्याला झाकण उघडायला कुणी शिकवलंच नव्हतं. दर शिकवले होते. माझा राग आहे तो हे दरपत्रक बनवणाऱ्यांवर. नव्या वस्तूची आणि मोटरीची किंमत इतकी शेजारी शेजारी आणून ठेवायची, की गिऱ्हाइकाने लाजून जुनी वस्तू टाकून द्यावी, आणि वर हा निर्णय मात्र त्याचा स्वतःचा! 'तुम्हीच ठरवा' ही यातली सगळ्यांत संतापजनक गोष्ट. चोराने घर फोडून जाताना 'बघा बुवा, तुम्हीच दार उघडं ठेवलंत' म्हणावं, त्यातला प्रकार.

परतताना रिक्षावाल्याने सिग्नल चुकवायला एक गल्ली धरली आणि त्या गल्लीत मला एक पाटी दिसली : 'येथे मोटर रिवाइंडिंग करून मिळेल.' आठ बाय दहाचं दुकान, तांब्याच्या तारेची रिळं, आणि मधोमध नाकावर चष्मा घसरलेले एक वयस्क मिस्त्री. मी मनात म्हटलं, आता हा तर मोटर गुंडाळण्यावरच पोट भरणारा माणूस. हा काय सांगणार हे उघड आहे.

मिस्त्रींनी काहीच सांगितलं नाही. त्यांनी पिन लावली, बटण दाबलं आणि डोळे मिटले. पूर्वी सवाई गंधर्वला पहाटेचा राग ऐकणारी माणसं असायची ना, तसे. मग पाइप काढायला लावला, लावायला लावला, दोन्ही वेळा ऐकलं आणि बटण बंद केलं.

"गळा छान आहे," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"मोटरीचा. मोटर गेलेली असली की आवाज बसतो, घरघर लागते, ठिणग्या पडतात, जळका वास येतो. ही तर वरच्या पट्टीत गातेय. साहेब, हिला वारा मिळत नाहीये."

मला वाटलं, यंत्र एवढं ओरडतंय म्हणजे त्याच्यावर भार जास्त. मिस्त्री म्हणाले, उलट. पंख्याला ढकलायला हवा असते तेव्हा मोटरीवर काम पडतं. वाट तुंबली की ढकलायला हवाच उरत नाही, काम नाहीसं होतं आणि मोटर रिकामीच भन्नाट फिरते. म्हणून आवाज चढतो. मी पस्तीस वर्षं कचेरीत काढली आहेत. ज्याच्या टेबलावर काम नाही त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त त्याला शास्त्राधार आहे हे नवीन होतं.

"मग करू काय?"

"घरी न्या आणि शोधा. फुकटातलं आधी बघा, पैशातलं नंतर. हाताशी आहे ते आधी, आतलं नंतर. मोटर सगळ्यांत शेवटी."

पैसे विचारले तर हात जोडून म्हणाले, "मी काय केलं? ऐकलं फक्त."

वाचकहो, त्या एका 'ऐकलं'साठी मी हा लेख लिहितो आहे.

त्या रात्री मी या यंत्राबद्दल चार पुस्तकं चाळली आणि पहिला शोध लागला तो असा, की व्हॅक्यूम क्लीनर ओढतच नाही. आतला पंखा हवा बाहेर फेकतो, पिंपातला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत घुसते. ही बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो जोराने तुम्हा-आम्हा सगळ्यांना दाबत असते. वाटेत भुसा सापडला की ती त्याला घेऊन शिरते. भुसा ओढला जात नाही, ढकलला जातो. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये आपण चढत नाही, चढवले जातो, तसंच. सतराव्या शतकात, म्हणजे इकडे शिवाजीमहाराज स्वराज्य उभं करत होते त्याच सुमारास, जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन ग्वेरिके यांनी तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा उपसली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोडे दमले, गोल सुटेनात. आत काही चिकटवलेलं नव्हतं. बाहेरची हवा दाबून धरत होती.

पण आपल्या यंत्राला तेवढी मजल मारता येत नाही. पूर्ण निर्वात केलं तर बाहेरची हवा पाणी सुमारे दहा मीटर उंच चढवील. वर्कशॉपचा बरा व्हॅक्यूम क्लीनर तोंड बंद असताना फार तर दोन मीटरच्या आसपास चढवतो. म्हणजे नाव व्हॅक्यूम, आणि साधलेलं निर्वातपण रुपयात वीस पैसे. पस्तीस मिलिमीटरच्या पाइपाच्या तोंडावर हा सगळा जोर येऊन जाऊन दोन किलोंचा. भाजीच्या पिशवीएवढा. एवढ्याशा मिळकतीवर ज्याचा संसार, त्याला वाटेत जकात परवडत नाही. पाइपाचा व्यास निम्मा केला तर तेवढीच हवा न्यायला सुमारे बत्तीसपट जोर लागतो. म्हणून पाइपात अडकलेला एक लाकडाचा तुकडा पुढे दोन हजार वॅट लावूनही ऐकत नाही.

दुसरा शोध याहून मजेचा. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ शोषणारं यंत्र काढलं. त्याआधी त्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं होतं आणि त्याला प्रश्न पडला होता की फुंकायच्या ऐवजी शोषली तर? उत्तर शोधायला हा गृहस्थ एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरून त्यातून तोंडाने हवा ओढू लागला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धूळ जमलेली दिसली. पुढे त्याचं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडक्यांतून लांबच लांब पाइप घरात सोडायचं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर अॅबीतले गालिचे त्यानेच साफ केले. तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा झाडलोट करणारा माणूस होता. त्याला दमा. झाडूने उडणारी धूळ सहन होईना, म्हणून त्याने एक विजेचा पंखा, एक झाडूचा दांडा आणि एक उशीचा अभ्रा एकत्र बांधला. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं आणि तेच पुढे हूव्हर कंपनीकडे गेलं.

एकाचा रुमाल, दुसऱ्याचा अभ्रा. हवा हलवणारे पंखे आणि पंप त्याआधीही होते. हवा जाऊ द्यायची आणि धूळ अडवायची, ही खरी युक्ती त्या फडक्यात होती. सव्वाशे वर्षांनी आम्ही मोटरीच्या नावाने गळा काढतो आणि फडकं शेवटचं कधी झटकलं हे आम्हाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शोधाला लागलो. पहिली परीक्षा फुकटची. पाइप काढायचा आणि यंत्राच्या तोंडावरच तळहात ठेवायचा. तिथे जोर असेल तर दोष पाइपात, नसेल तर पोटात. माझ्याकडे तिथेही जोर नव्हता. पिंप रिकामं केलं, फरक नाही. ओल्या कामाच्या वेळी पाणी मोटरीत जाऊ नये म्हणून आत एक तरंगता चेंडू असतो. तो वर अडकला तरी वाट बंद होते. तो मोकळा होता. मग फिल्टर काढला. तो मूळचा पांढरा होता हे मला पावतीवरच्या चित्रावरून कळलं. घासायच्या यंत्राची पिठासारखी धूळ त्याच्या घड्याघड्यांत बसून त्याची भाकरी झाली होती. फिल्टर बाजूला ठेवून यंत्र सुरू केलं, आणि काय सांगू! तळहात असा धरला की विमा एजंट आठवला.

इथे मी तो गुन्हा केला, ज्याची कबुली दिल्याशिवाय ही फिर्याद खरी होणार नाही. मी फिल्टर परत बसवलाच नाही. म्हटलं, अडथळाच नको. चार दिवस काम झकास चाललं. पाचव्या दिवशी मागच्या अंगणातून हाक आली. मागे कुरडयांचं वाळवण घातलेलं होतं. यंत्र पुढून भुसा घेत होतं आणि मागच्या भोकातून त्याची बारीक बुकणी करून बाहेर सोडत होतं. त्या वर्षीच्या कुरडया सागवानी झाल्या. चाळणी फाडून टाकली की कारभार जोरात चालतो हे खरं, फक्त त्याची धूळ मागच्या अंगणात बसते. हे तत्त्व इतर कुठल्या कारभाराला लागू पडतं ते मी सांगत नाही, पेपर तुम्हीही वाचता.

पण कुरडयांवर भागलं नाही. मला खोकला धरला, जिना चढताना धाप लागू लागली. चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, हार्ट असेल. सगळ्या टेस्ट करून टाका. आणि आता ते लाकडाचं बंद करा, झेपत नाही तुम्हाला." सगळ्यांनी चार फुटांवरून माझीही मोटर काढली होती. खरं सांगायचं तर रात्री अंथरुणात पडल्यावर मलाही ते पटायला लागलं होतं. पासष्टी उलटलेल्या माणसाला हे फार चटकन पटतं. आमचे जुने डॉक्टर मात्र बोलले नाहीत. त्यांनी नळी लावली, डोळे मिटले, पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं, हृदयाचा आलेख काढला आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. छातीत काय भरून घेतलंत?" मी सागवान सांगितलं. त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते कुरडयांच्या प्रसंगापेक्षा तिखट होतं. लाकडाची बारीक धूळ काही चंदन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. वर्षानुवर्षं उघड्या नाकाने हे काम करणाऱ्या सुतारांना ती नाकात भोवते. डोळ्यांना दिसतो तो भुसा घर खराब करतो. दिसत नाही ती धूळ माणूस खराब करते. आणि तिला अडवणारं एकच फडकं मी हौसेने काढून ठेवलं होतं.

घरी येऊन फिल्टर बघितला. धुता येईल अशा जातीचा होता. कागदाचा असता तर फक्त बाहेर नेऊन, तोंडाला मास्क बांधून हळुवार झटकायचा किंवा सरळ बदलायचा. धुतला आणि पूर्ण एक दिवस सावलीत वाळवला. ओलाच बसवला तर त्यावर धुळीचा गिलावा होतो, हेही मला आधी करून मगच समजलं आहे. नंतर पाइप. दोन्ही टोकं हातात धरून आत एक गोटी सोडायची. दुसऱ्या टोकातून पडली तर वाट मोकळी. माझी गोटी आत गेली आणि आली नाही. पाइप आपटला तेव्हा गोटीच्या मागोमाग एक सागवानी ढलपी, दोन खिळे, आणि जिच्यावरून मी नातवाला निष्कारण बोललो होतो ती सुताराची लाल पेन्सिल बाहेर आली. नातवाला फोन करून माफी मागितली. शेवटी झाकण. रिकाम्या, पुसलेल्या पिंपावर झाकण लावलं, पाइपाचं तोंड बंद केलं, यंत्र चालू केलं आणि पेटती उदबत्ती झाकणाच्या कडेने फिरवली. भुसा जवळपासही असता कामा नये, नाहीतर मोटरीऐवजी घर जाईल. एका जागी धुराची रेघ सटकन आत वळली. तिथला रबराचा पट्टा खाचेतून निसटला होता. बोटाने दाबून बसवला. सौभाग्यवतीने दारातून बघितलं, उदबत्ती घेऊन पिंपाला प्रदक्षिणा घालणारा नवरा बघितला आणि काही न बोलता आत गेली.

एकूण खर्च : गोटी नातवाची, उदबत्ती देवघरातली. साडेचार हजारांची मोटर जागच्या जागी. यंत्र परत विमा एजंट.

मला सगळ्यांत जास्त काय टोचतं ते सांगतो. हे चुकीचं निदान शेवटी बरोबर ठरतं. घरातल्या लहान यंत्रांत पुष्कळदा आत येणारी हवाच मोटरीला थंड ठेवते. वाट तुंबली की मोटर तापते. तशीच चालवत राहिलं की एक दिवस खरोखरच जाते. मग चार फुटांवरचा गृहस्थ म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं?" गणितात अडलेल्या पोराला आपण असंच करतो. त्याची कुठली पायरी अडली हे बघायला कुणी वाकत नाही. 'डोक्यातच नाही' म्हणायचं आणि चार वर्षं म्हणत राहायचं, म्हणजे शेवटी खरंच काही राहत नाही.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, दुरुस्तीचा हक्क ग्राहकाला मिळावा म्हणून. चांगली गोष्ट आहे. हक्काची मला कदर आहे. पण झाकण उघडायला शेवटी कुणाला तरी खाली वाकावं लागतं, आणि ती माणसं उठून चालली आहेत. यंत्र बरं झाल्यावर मी पेढे घेऊन त्या गल्लीत गेलो. मिस्त्री रिळं खोक्यांत भरत होते. दिवाळीनंतर दुकान बंद करणार म्हणाले. भरायला मोटरच येत नाही, लोक नवीनच घेतात. मुलगा काय करतो विचारलं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी घरोघर पोचवतो. "तुमच्या भागातच असतो," ते म्हणाले, "एखादं खोकं तुमच्याकडेही आणलं असेल त्याने." मी पेढे ठेवले आणि काय बोलावं ते न सुचून यंत्राचा आवाज आता खालच्या पट्टीत आलाय एवढं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "षड्ज लागला म्हणायचा," ते म्हणाले.

असो. फिर्याद इथे संपते. मी हा लेख शेवटापर्यंत आणला आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. मिक्सर बंद पडला होता. चटणी अर्धी वाटलेली. मी हातातली पेन्सिल कानावर ठेवून दारापर्यंत गेलो, मिक्सरकडे एक नजर टाकली, बटण फिरत होतं, आवाज नव्हता. गेल्या महिन्याभराच्या अधिकाराने मी म्हटलं,

"मोटर गेली."

सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिलं, मिक्सर उचलला, उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्याने दाबलं आणि परत खाली ठेवला. मिक्सर घुर्रकन सुरू झाला.

"अहो," ती त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "चार फूट पुढे या आणि नारळ खवून द्या."